उघडी राहिलेली आठवण

सोमवारी दुपारी आप्पा कानामागे आठवणी पुन्हा दाखवणारी पट्टी लावून खुर्चीत गालातल्या गालात हसत होते.

“आप्पा, पुन्हा जुनी आठवण उघडलीत ना?” त्यांच्या मुलीने, मृण्मयीने विचारलं.

“तुला काय करायचंय? चहा टाक. आणि साखर मोजत बसू नकोस.”

मंगळवारी सकाळी ते गेले, तेव्हाही पट्टी कानामागेच होती.

दिवसकार्य उरकल्यावर ती त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या आठवणी आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायला बसली. एकसष्ट हजार सुखरूप आल्या, एकच अडून बसली. तिने वायर बदलली, नेटवर्क पाहिलं, परवानग्या तपासल्या. सगळं ठीक होतं. मग तिने अडलेल्या फाईलची नोंद उघडली.

‘मृण्मयी, सातवी, विज्ञान प्रदर्शन. फाईल वापरात आहे. वापरकर्ता: आप्पा. मंगळवार सकाळपासून.’

त्या प्रदर्शनात तिने मांडली होती, पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा. तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

फाईल बंद केल्याशिवाय तिची प्रत निघणार नव्हती, आणि बंद केली की आप्पांचं आठवणं थांबणार होतं. मग ‘बंद करा’वर बोट टेकवून, पण न दाबता, ती मोठ्याने म्हणाली,

“आप्पा, ‘मी एकटीने केली’ असं परीक्षकांना सांगितलं ते खोटं होतं. घंटा तुम्ही केली होती.”