चालत्या सायकलच्या मागे

बेबाबाईंनी हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि मग हेल्मेटवरून पदर ओढून घेतला. तलावावर फिरायला निघालेली मंडळी थांबून हसू लागली. बेबाबाई हसल्या नाहीत. शेजारी सायकल धरून भाईदासनाना उभे होते आणि नाना नात्यानं त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, लागत.

"पदर कशाला, मावशी?" महापालिकेचा तरुण इंजिनिअर हितेंद्र म्हणाला.

"मोठा माणूस शे ना समोर, साहेब."

नानांनी दुसरीकडे पाहिलं. रोज सकाळी हीच बाई बॅटरीच्या गाडीवरून झुईकन त्यांच्या पुढे निघून जायची. हेल्मेटात जेठाला आपण ओळखू येत नाही, अशी तिची समजूत होती. नानांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पाण्याच्या टाकीपासून मेहरूण तलावापलीकडे जाणारा तो हिरवा पट्टा फक्त सायकलींसाठी आहे, तसा बोर्डच आहे, आणि नानांनी त्या बोर्डाचा फोटो जोडून अर्ज दिला होता. अर्जात भावजयीचं नाव नव्हतं. 'बॅटरीची वाहने' एवढंच होतं.

"मी चाळीस वर्षं वायरमन व्हतू," ते हितेंद्रला म्हणाले. "करंटना काय भरोसा, साहेब?"

बेबाबाईंचं म्हणणं साधं होतं. मागच्या खोक्यात कळण्याच्या भाकरी आणि भरिताचे डबे. नऊच्या आत तलावापलीकडच्या वसतिगृहात पोहोचवायचे. गुडघा गेलाय, सायकल जमत नाही. मोठ्या रस्त्यानं जावं, तर मागच्या आठवड्यात केळीचा ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी आडवी झाली आणि अर्धं भरीत डांबरावर. पट्टा बंद झाला, तर डबे बंद.

"आपण आजच बघू," हितेंद्र म्हणाला. "दोघं इथून टाकीपासून एकदम निघा, तलावापर्यंत. ई-स्कूटर सायकलच्या बेतानं चालली तर पट्ट्यात राहील. सायकलला मागे टाकून गेली, तर बाहेर."

घोडामैदान जवळच होतं. हितेंद्रनं शिट्टी मारली आणि मोटारसायकल घेऊन शेजारच्या रस्त्यानं निघाला.

नाना सुटले. बहात्तराव्या वर्षी माणसानं इतक्या जोरात पायडल मारू नये, पण मागे भावजय आणि बाजूला प्रेक्षक असले की कोण ऐकतो! शंभर पावलांवर त्यांनी वळून पाहिलं. बेबाबाई दोन हात मागे. चढ लागला, नानांचा वेग निम्मा झाला. बेबाबाई दोन हातच मागे. चढ संपता संपता नानांनी पाय टेकला आणि धापा टाकत उभे राहिले. मागची गाडीही थांबली.

"थांबनी कसाले? जाय ना पुढे!" नाना खेकसले.

"मोठासना पुढे कशी जाऊ, नाना?" पदराआडून आवाज आला. "तुम्ही चाला. मी शे मांगे."

नाना पुन्हा सायकलवर बसले. दुसरा इलाजच नव्हता.

तलावाशी पहिलं चाक नानांचं लागलं. तिथं फिरणाऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "नाना, या वयात बॅटरीला हरवलं!" नानांची छाती फुगली. मिशीवर हात जाणार, तेवढ्यात हितेंद्र वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे हरकतीत तथ्य नाही. गाडी सायकलच्या पुढे जातच नाही."

नानांचा हात मिशीपर्यंत पोहोचलाच नाही.

"साहेब, हाई रोज मन्हा पुढे निंघी जास!"

"मग आज काय झालं?"

आज तिनं मान दिला, असं सांगावं तर शर्यत जिंकलीच नाही. जिंकलो म्हणावं तर अर्ज गेला. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या आणि नानांना त्या फार आवडल्या होत्या, हे खरं.

"आज... आज मी जोरात व्हतू," ते म्हणाले.

हितेंद्रनं खाली आणखी एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली: "मंद गतीच्या ई-स्कूटरला पट्ट्यात मुभा. मात्र चालत्या सायकलला ओलांडू नये." मग तो निघून गेला. मंडळीही पांगली.

वसतिगृह अजून अर्ध्या मैलावर होतं आणि पट्टा तिथपर्यंत जात होता. बेबाबाई गाडीवर बसून राहिल्या. घड्याळाकडे पाहिलं नाही, हॉर्न दिला नाही. फक्त मागच्या खोक्यावर हात ठेवून भाकरी अजून ऊन आहेत का ते पाहिलं.

नाना निघाले. त्या मागून निघाल्या. नानांचे पाय आता भरून आले होते, सायकल मुंगीच्या पावलानं चालली होती. पावणेनऊ झाले. मागून ज्वारी-उडदाच्या भाकरीचा वास येत होता. धरणगावला त्यांची आई अशाच भाकरी थापायची आणि गार झाली की कोणालाच वाढायची नाही.

एकाएकी नानांनी सायकल पट्ट्याच्या कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि चाकाशी बसले.

"काय व्हयनं, नाना?"

"चेन पडनी," नाना मान वर न करता म्हणाले. "माले टाईम लागी. तू जाय. भाकरी गार व्हई जातीन."

 बेबाबाईंनी पदर सावरून, गाडी अगदी हळू, बाजूनं पुढे काढली. थोडं लांब गेल्यावर झुईकन आवाज आला. नाना गालात हसले.

आवाज विरेपर्यंत ते तसेच बसून होते. चेन जागच्या जागी होती.