केसभर गेन

अरे, काय तिखट कान त्या बापाचे! पियानो सुरात लावणारा माणूस, पोराला डिवचायचा, "माझे कान शाबूत आहेत तोवर तारा पिळायची चावी मिळायची नाही, बाळराजे!" बाळराजे चाळिशीला टेकले, तरी हातात पियानो पुसायचं फडकंच. घरच्या रेकॉर्ड प्लेअरला जोडलेल्या प्रीॲम्पचा गेन, म्हणजे मुळातला आवाज, एकदा लावला की हात लावायचा नाही, हा बापाचाच नियम. पोरगा तोच गेन रोज चोरून केसभर उतरवायला लागला, बोलायचाही मुद्दाम हळू. बापाने व्हॉल्यूमचं बटण तीनवरून दहावर नेलं, तरी तबकडी कुजबुजतेच! शेवटी बापाने चावी सोपवली. "कान गेले रे. कुणाला सांगू नकोस." तो आत जाताच पोराने दोन्ही बटणं जुन्या जागी आणून तबकडी लावली. आतून बाप ओरडला, "ऐकू आलं! स्वच्छ आलं!" तो दारात पोचेपर्यंत पोराने सुई उचलली होती. "भास झाला, बाबा. काहीच लावलं नव्हतं."