गल्लीतला उंट

"द्वारके, ऊठ! गल्लीत उंट आलाय!"

समोरच्या गॅलरीतली द्वारका खुर्चीतून कण्हत उठायची, कठड्याशी येऊन खाली डोकावायची. "कुठंय गं, लबाडे?"

"आत्ताच कोपऱ्यावर वळला बघ!"

नवरा गेल्यापासून ती खुर्चीलाच चिकटली होती. अशाच बसून राहिलात तर पाय जातील, असं डॉक्टरांनी तिला बजावलं, तेव्हा दर अर्ध्या तासाला एक थाप मारायचं काम मी पत्करलं. टाकीवर मोर बसवले, तिचा जावई हत्तीवरून आणला. एकही थाप तिला पटली नाही, पण प्रत्येक थापेला ती उठली.

परवा तिचं तेरावं झालं. आज खाली घुंगरं वाजली. वाकून पाहिलं, तर खराखुरा उंट!

"द्वारके, ऊठ!" मी सवयीने ओरडले.

उंट कोपऱ्यावर वळला. मला लबाड म्हणायला समोर कोणी उठलं नाही.