सर, खाली उतरू नका

पोलिसाने हात केला, गाडी थांबली आणि दिलीपराव दार उघडून खाली उतरले.

"बाबा!" वृंदा मागच्या सीटवरून ओरडली. पण बाबा कसले ऐकतायत! चौतीस वर्षं साताऱ्याला पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. पोलीस दिसला की आपण होऊन उतरायचं, 'काय साहेब' म्हणत दोन पावलं पुढे जायचं, खात्याचं ओळखपत्र दाखवायचं, की काम झालं. काच खाली करून बसून राहणं म्हणजे शुद्ध उर्मटपणा. आयर्लंडमध्ये गाडीतच बसून राहतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि हसत हसत त्या उंच गार्डाकडे, म्हणजे तिथल्या पोलिसाकडे, निघाले.

"सर, नको! हात खिशातून काढा! सर, प्लीज!" टेरेन्सचा आवाज चिरकला. गाडी तोच चालवत होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला होते, बोटं पसरलेली, आणि तो ते हलवत नव्हता.

याच टेरेन्सवरून घरात नऊ दिवस धुसफूस चालली होती. तो वृंदाच्या ऑफिसातला, अमेरिकेतल्या ओहायोचा, कृष्णवर्णीय. वृंदाला त्याच्याशी लग्न करायचं होतं. "करणार तर आहेच बाबा, पण तुम्हाला दुखवून नाही," असं तिने आपल्या स्वोर्ड्स गावातल्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. परवा दिलीपरावांचं परतीचं विमान होतं आणि अजून त्यांच्या तोंडून ना हो निघालं होतं, ना नाही. "मुलगा चांगला आहे गं. पण काळा आहे. लोकांना काय सांगू मी?" हेच पालुपद. स्वतः दिलीपराव काही केतकीच्या रंगाचे नव्हते, पण ते बोलणार कोण! शेवटी त्यांना जरा समुद्र तरी दाखवावा म्हणून आज तिघं स्लायगोला निघाले होते, आणि वडीलधारे म्हणून दिलीपराव पुढच्या सीटवर बसले होते.

गार्ड काहीतरी म्हणाला. त्याचे उच्चार दिलीपरावांना कळले नाहीत. ओळखपत्रही लवकर सापडेना, तेव्हा त्यांनी हात आणखी आत घातला.

आणि टेरेन्स खाली उतरला.

दोन्ही हात डोक्याच्या वर, तळवे उघडे. तो सावकाश चालत आला आणि दिलीपरावांच्या आणि गार्डाच्या मधे उभा राहिला. "ऑफिसर, हे आमच्या घरचे आहेत. वयस्कर आहेत. खिशात फक्त कार्ड आहे. त्यांना कळलं नाही, एवढंच."

गार्ड बिचारा गोंधळलाच. "अरे बाबा, मला फक्त लायसन्स बघायचंय," तो म्हणाला. मग त्याने टेरेन्सकडे नीट पाहिलं आणि तो एकदम हळू बोलायला लागला. "हात खाली घे. सगळं ग्रँड, एकदम ठीक आहे." तेवढ्यात दिलीपरावांनी आपलं ओळखपत्र पुढे केलंच. गार्डाने ते मोठ्या आदराने दोन्ही बाजूंनी पाहिलं, 'व्हेरी गुड, सर' म्हणून परत दिलं, टेरेन्सच्या लायसन्सवर नजर टाकली आणि गाडी सोडली.

पुढच्या पेट्रोल पंपावर टेरेन्सने गाडी बाजूला घेतली. उतरून कट्ट्यावर बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

"एवढं काय झालं याला?" दिलीपराव वैतागले. "त्या पोलिसाकडे साधं पिस्तूलसुद्धा नव्हतं!"

"ते त्याला माहीत आहे, बाबा." वृंदा म्हणाली. "सोळाव्या वर्षी त्याच्या आईने त्याला गाडी शिकवली. चालवायला शिकवायच्या आधी हे शिकवलं. पोलिसाने थांबवलं की हात वर ठेवायचे, खिशाकडे न्यायचे नाहीत, आणि आभाळ कोसळलं तरी खाली उतरायचं नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीत बसवून रोज घोटून घ्यायची. तिचा सख्खा भाऊ एकदा असाच उतरला होता. तिकडच्या पोलिसाने गोळी घातली, तो घरी आलाच नाही."

"मग आज हा कशाला उतरला?"

"तुमचा हात खिशात होता म्हणून."

दिलीपराव गेले आणि गुडघ्यांवर हात टेकत टेरेन्सच्या शेजारी कट्ट्यावर बसले. त्यांना फार लाज वाटत होती. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने टेरेन्सने डोकं वर केलं. "सर, त्याने तुमचं कार्ड खरंच वाचलं?"

"कसलं वाचतोय! मराठीत आहे," दिलीपराव आपल्या सरकारी इंग्रजीत म्हणाले. "त्यात उलटं धरलं होतं त्याने."

टेरेन्सला आधी खुदकन हसू आलं आणि मग ते थांबेचना. दिलीपरावही हसायला लागले. हसता हसता दोघांच्या डोळ्यांना पाणी आलं. पंपावरची बाई काचेतून बघत राहिली. वृंदाच्या छातीवरचं नऊ दिवसांचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिला वाटलं, आता हो म्हणाले नाहीत तरी चालेल.

दिलीपरावांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "वृंदा, फोन दे तुझा. याच्या आईला लाव."

"आत्ता? तिला काय सांगणार?"

"पोरगं सुखरूप आहे म्हणून. आणि मुलीकडचे आपण, बोलणी करायची तर पहिला फोन आपणच करायला नको का?"