दिवाणाखालची सोबत

सीमेवरच्या गावातली मुलगी लढाई थांबेपर्यंत नागपुरात सांभाळण्यात प्रेमलताबाईंचा फायदाच होता. तीन वर्षं एकटीनं काढल्यावर घरात बोलायला कुणीतरी मिळणार होतं.

कुकरची शिटी झाली की सात वर्षांची मेहर सायरन समजून दिवाणाखाली शिरे.

"काहून घाबरून राहिली वं? कुकर आहे तो!" म्हणत बाईही आत सरकत आणि तिचा हात धरत.

लढाई थांबली, मेहर घरी गेली. तिच्या आईचा फोन आला. "अब सायरन से नहीं डरती, माँजी. हँसती भी नहीं, बोलती भी नहीं."

तेवढ्यात स्वयंपाकघरात शिटी झाली. दिवाणाखालून इवलीशी, गार बोटं बाहेर आली. "दादी, आओ ना!"

बाईंनी फोन बंद केला.

आता त्या दिवसातून चारदा कुकर लावतात. सोबत त्यांना मिळाली. किंमत तिकडे मुक्या झालेल्या मेहरची आई मोजते आहे.