परड्यातली हद्द

अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात गुणाबाई मागच्या दारातून थेट मांडवात आली. विधवा बाई, ऐन मुहूर्ताला, नवरानवरीपुढे! बायकांनी तोंडाला पदर लावले. गुणाबाईने कुणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्या मुलाच्या बापापुढे जाऊन ती अदबीने म्हणाली, "पाटील, जरा जपून. तुमी जितं उभं हाईसा तो खालसा हाय."

नागोजी पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं.

पळणारच. सगळा खटाटोप खालसा चुकवण्यासाठीच तर होता. इंग्रजांच्या खालसा मुलखात त्या वर्षीच कायदा लागू झाला होता. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं की थोरांना तुरुंग. नवरी अंजनी अकराची. तिचा बाप भरमू खालशातला आणि हा नागोजी तर निपाणीकडच्या गावचा पोलीस पाटील. पण बेळगावला खेटून असलेलं शहापूर पडलं सांगली संस्थानात, आणि तिकडं हा कायदा चालत नाही असं जो तो सांगत होता. भरमूची थोरली बहीण गुणाबाई शहापुरातच राहायची, विणकरांच्या कांड्या भरून पोट भरायची. भरमूने लग्नासाठी तिच्या घरामागचं परडं मागितलं. अंजनीची आई सोनाबाई रडली, नवऱ्याशी अबोला धरून बसली, पण तिचं कोण ऐकतं? नणंदेने परडं तर दिलंच, वर मांडवाची मेढ कुठं रोवायची तेही स्वतः दाखवलं. त्या दिवसापासून सोनाबाईच्या मनातून ती साफ उतरली.

नागोजीने खाली बघितलं. मांडवाच्या कडेला चुना फासलेला दगड होता. पोलीस पाटीलच तो, हद्दीचा दगड त्याला काय कुणी शिकवायला हवा होता? दगडापलीकडे घर आणि गल्ली. अलीकडे मांडव, बोहलं आणि तो स्वतः.

मांडव उचलून चार पावलं पलीकडं नेऊ, असं भरमूने म्हणून पाहिलं. भटजींनी कानांवर हात ठेवले. पुजून रोवलेली मेढ लग्नाआधी उपटायची म्हणजे दोन्ही घरांना अपशकुन. शेजारचे विणकर माना खाली घालून उभे होते, एकानेही ब्र काढला नाही. नागोजीला एका बाजूला बेडी दिसत होती, दुसऱ्या बाजूला अपशकुन. त्याने आपल्या हाताने लेकाच्या मुंडावळ्या सोडल्या. असली सोयरीकच नको, म्हणाला. वऱ्हाड न जेवता बैलगाड्यांत चढलं.

उन्हं कलली तेव्हा भरमू ओसरीवर कपाळ धरून बसला होता आणि अंजनी हळद धुऊन शेजारच्या पोरींत सागरगोटे खेळायला गेली होती. सोनाबाईला लेकीचं हसणं ऐकू येत होतं. ती हळदकुंकू घेऊन परड्यात गेली. ज्या दगडाने लेक वाचवली त्याच्या पाया पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने कुंकवाचं बोट टेकवलं आणि दगड कलंडला. खालची माती ओली, भुसभुशीत.

गुणाबाई मागे येऊन उभी होती. ह्या बाईवर आपण इतके दिवस दात खाल्ले, ह्याची सोनाबाईला लाज वाटली. तिने आवाज बारीक करून विचारलं, "आक्का, खरी हद्द कुठं हाय?"

"हितनं अर्ध्या कोसावर." गुणाबाईने दगड सरळ करून भोवतीची माती पायाने दाबली. "माझं लगीन नवव्या वर्साला लावलं, तवा कोन आडवं आलं न्हाय. सायबाला वाटलं तितं सायबानं हद्द घातली. मला वाटलं तितं मी घातली."