कल्ल्यांचा तास

"हात ओले करा, मगच कल्ल्यांना लावा," प्रधान मॅडम म्हणाल्या. बोटीवरच्या टबात नऊ वर्षांची शेवंती मान वळवून पडून होती. कोळीवाड्यातली पोरं आता कल्ले घेऊनच जन्मत. सहावीच्या वीस जणांनी आळीपाळीनं तिचा गळा चाचपला.

"कल्ले पाण्यातून काय शोषून घेतात?"

टबातून एक ओला हात वर आला. हा धडा शेवंती दर शनिवारी ऐकत होती.

"प्राणवायू," ती म्हणाली.

मुलं खिदळली. मॅडम भडकल्या आणि सुकाणूवरच्या तांडेलाकडे, तिच्या बापाकडे वळल्या. "हिराजी, नमुन्यानं बोलायचं नसतं. पुढच्या शनिवारी दुसरी आणा."

"धाकटी हाय ना, बाई," हिराजी घाईघाईनं म्हणाला. "तिला अजून बोलता येत नाय."